वायर एक, वीजवाले दोन: मुंबईत नव्यानं राहायला आलेल्यांसाठी

कांदिवलीतल्या आमच्या इमारतीत जिन्याखाली मीटरची खोली आहे. दार उघडलं की भिंतीवर मीटरांची रांग दिसते. काहींवर अदानीचं नाव, काहींवर टाटा पॉवरचं. एकाच मजल्यावरच्या समोरासमोरच्या घरांची बिलं दोन वेगळ्या कंपन्यांकडून येतात. पण या सगळ्या मीटरांना वीज मिळते ती रस्त्याखालून आलेल्या एकाच जाड केबलमधून. केबलला काही झालं की अदानीवाले आणि टाटावाले एकदमच अंधारात बसतात.

सोसायटीच्या कमिटीवर असल्यामुळे या खोलीची किल्ली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या महिन्यात हमखास एक प्रश्न येतो: "केबल एकच, तर माझ्या घरात टाटाची वीज येते हे ठरवतं कोण?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट समजलं तर बिल वाचणं, कंपनी निवडणं, तक्रार करणं सगळं सोपं होतं. म्हणून हे ओळीनं लिहून काढतो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. आपण घरी दोन वेगळ्या गोष्टी विकत घेतो. एक म्हणजे वीज. दुसरी म्हणजे ती वीज दारापर्यंत आणून देण्याची सेवा, म्हणजे वायर, केबल, ट्रान्सफॉर्मर आणि त्यांची देखभाल. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी या दोन्ही गोष्टी एकाच दुकानात मिळतात, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. मुंबईच्या उपनगरांत मात्र वायर एकाची आणि वीज दुसऱ्याची असू शकते.

पहिली पायरी: आपला पत्ता कुठल्या पट्ट्यात येतो ते पाहा

मुंबईत वीज वितरणाचे चार परवानाधारक आहेत. कुलाब्यापासून माहीम आणि सायनपर्यंत बेस्ट. पश्चिम उपनगरांत वांद्र्यापासून पुढे मीरा-भाईंदरपर्यंत, आणि पूर्वेला चुनाभट्टी, चेंबूर, मानखुर्दपासून विक्रोळीपर्यंत अदानी इलेक्ट्रिसिटी. भांडुप आणि मुलुंडकडे महावितरण. चौथी टाटा पॉवर, जिचा परवाना बेस्टच्या आणि अदानीच्या, अशा दोन्ही हद्दींवर पसरलेला आहे. घरगुती ग्राहकाला पुरवठादार निवडता येतो तो या एकावर एक आलेल्या परवान्यांमुळे.

तुम्ही मुलुंडला राहत असाल तर घरगुती ग्राहक म्हणून पर्याय नाही, महावितरणच. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर इथंही घराला दुसरा पुरवठादार निवडता येत नाही. गोव्यात तर सरकारचं वीज खातंच घरोघरी वीज देतं. मोठ्या ग्राहकांची गोष्ट वेगळी. १ मेगावॉटपेक्षा जास्त मागणी असलेल्या कारखान्याला 'ओपन ॲक्सेस'खाली बाहेरून वीज आणता येते, आणि २०२२च्या केंद्रीय नियमांनंतर हरित ऊर्जेसाठी ही मर्यादा १०० किलोवॉटवर आली. आपण इथं घरापुरतं बोलू.

बेस्टच्या हद्दीत राहणाऱ्यांना एक जास्तीची गोष्ट माहीत हवी. २००३च्या विद्युत कायद्याच्या ४२व्या कलमात म्हटलं आहे, की दुसऱ्याची वीज मागणाऱ्या ग्राहकाला वितरण कंपनीनं आपली वायर भेदभाव न करता वापरू द्यावी. पण त्याच कलमात, कायद्याच्या आधीपासून वीज वाटणाऱ्या स्थानिक स्वराज्य संस्थेला त्यातून सूट आहे. बेस्ट ही महापालिकेची, म्हणून सूट तिला लागू होते. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा मुद्दा स्पष्ट केला: टाटांना बेस्टच्या हद्दीत ग्राहक घेता येतील, पण स्वतःची वायर टाकून. म्हणून दादरला पुरवठादार बदलायचा तर तुमच्या इमारतीपर्यंत टाटांची केबल यायला हवी. कांदिवलीत ती अट नाही. दहा-बारा स्टेशनांच्या अंतरावर नियम बदलतो.

दुसरी पायरी: वायरीच्या आत काय होतं ते समजून घ्या

आता त्या मूळ प्रश्नाकडे येऊ. टाटांची वीज आणि अदानींची वीज एकाच केबलमधून येते, तर ती वेगळी कशी होते?

होतच नाही. ती वेगळी करणं कुणालाही शक्य नाही.

गिरणगावातला माणूस पगार झाला की गावाला मनीऑर्डर करायचा. लालबागच्या टपाल कचेरीत त्यानं खिडकीतून दिलेली नोट काही बोटीत बसून रत्नागिरीला जात नसे. गावातल्या पोस्टमननं आईच्या हातावर ठेवलेली नोट दुसरीच कुठली तरी असायची. तरीही मुलाचे पैसे आले, हे म्हणणं खरंच असायचं. कारण इकडे भरणा झाला होता, तिकडे तेवढीच रक्कम दिली गेली होती आणि मधला हिशेब टपाल खातं चोख ठेवत होतं.

वीजही तशीच. ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र, खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथली जलविद्युत केंद्रं, डहाणूचा ५०० मेगावॉटचा प्रकल्प, कळवा आणि पडघ्याच्या बाजूनं येणाऱ्या मोठ्या वाहिन्या, सगळे एकाच जाळ्यात वीज भरतात. आपण सगळे त्याच जाळ्यातून ती काढतो. तुमच्या पंख्याला मिळालेली वीज कुठल्या केंद्रातली, हे विचारण्यात अर्थ नाही. ती बहुधा जवळच्या केंद्राकडून जास्त येते, कारण ज्या वाटेनं अडथळा कमी त्या वाटेनं वीज जास्त वाहते. करारात कुणाचं नाव आहे हे वायरीला कळत नाही. करार कळतो मीटरला आणि हिशेबाला.

टपाल खात्याची ही उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, आणि ती जागा महत्त्वाची आहे. पैसा तिजोरीत पडून राहतो. वीज मोठ्या प्रमाणावर साठवून ठेवणं अजूनही अवघड आणि महाग आहे, म्हणून ज्या क्षणी जेवढी लागते त्या क्षणी तेवढीच तयार व्हावी लागते. उसाच्या गुऱ्हाळावर कधी उभे राहिला असाल तर हे लगेच कळेल. चरकात एकदम जास्त ऊस घातला की इंजिनाचा आवाज खाली बसतो, फेरे मंदावतात. ऊस संपला की इंजिन मोकळं सुटतं. देशाच्या वीज जाळ्यातली सगळी जनित्रं अशीच एका तालात फिरतात, सेकंदाला ५० आवर्तनं. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की हा आकडा घसरतो, उलट झालं की चढतो. तो ४९.९० ते ५०.०५ यांच्या दरम्यान राहावा, असा नियम आहे. संध्याकाळी सात वाजता मुंबईभर दिवे लागतात, एसी चालू होतात, तेव्हा या अरुंद पट्टीत जाळं धरून ठेवायला माणसं बसलेली असतात.

ही माणसं आपल्यापासून फार लांब नाहीत. राज्याचं भार प्रेषण केंद्र ऐरोलीला आहे. त्याच्या वर पश्चिम विभागाचं केंद्र, आणि त्याच्या वर राष्ट्रीय. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी एका तालात आलं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या विजेचा ताल एकच.

मुंबईचं जाळं किती सामाईक आहे, हे १२ ऑक्टोबर २०२० रोजी सगळ्यांनी अनुभवलं. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या वाहिन्यांमध्ये बिघाड झाला, आणि बेस्ट, टाटा, अदानी, सगळ्यांच्या ग्राहकांचे दिवे गेले. लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरचं जाळं पडलं तर मुंबईला तोडून स्वतःच्या केंद्रांवर चालू ठेवणारी 'आयलंडिंग' ही व्यवस्था १९८१पासून आहे, पण त्या दिवशी तीही टिकली नाही. म्हणून कुणी सांगितलं, की अमुक कंपनीकडे गेलात तर दिवे कमी जातील, तर आधी विचारा: वायर कुणाची राहणार? वायर तीच राहणार असेल, तर दिवे पूर्वी जायचे तेवढेच जातील.

तिसरी पायरी: हिशेब कसा होतो ते एकदा पाहून ठेवा

दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले असतात. प्रत्येक वितरण कंपनी आदल्या दिवशी ऐरोलीला कळवते, की उद्या कुठल्या तुकड्यात आपल्या ग्राहकांना साधारण किती वीज लागेल आणि ती कुठून येणार: स्वतःचं केंद्र, दीर्घ मुदतीचा करार, की वीज बाजारातली खरेदी. निर्मिती केंद्रंही आपापलं वेळापत्रक देतात. दिवस उलटल्यावर मीटरवरचा खरा आकडा आणि कळवलेला आकडा यांची सांगड घातली जाते. ज्यानं सांगितल्यापेक्षा जास्त ओढली, त्यानं पैसे भरायचे. जाळं ताणात असताना जास्त ओढली, तर दर जबर.

यात एक अडचण आहे. कांदिवलीच्या उपकेंद्रात वायर अदानींची. तिथून गेलेली वीज अदानींच्या ग्राहकांनीही वापरली आणि टाटांच्याही. उपकेंद्रातला मीटर दोघांची बेरीज सांगतो. मग टाटांचा वाटा कसा काढायचा? त्यांच्या ग्राहकांच्या घरातल्या मीटरांची बेरीज करायची आणि वायरीत वाटेत जी वीज वाया जाते ती त्यात मिळवायची. समजा, एका महिन्यात टाटांच्या अशा ग्राहकांनी मिळून १,००,००० युनिट वापरले आणि वाटेतली गळती ८ टक्के धरली. हे दोन्ही आकडे मी फक्त समजावण्यासाठी घेतले आहेत. मग टाटांच्या नावावर १,००,००० भागिले ०.९२, म्हणजे सुमारे १,०८,७०० युनिट लागतात. तेवढी वीज त्यांनी जाळ्यात भरायला हवी. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी त्याच्याच पाटातून आपल्या शेतात आणायचं, तर पाटात जिरणारं पाणीही आपल्याच खात्यात धरतात, तसंच हे.

ही गळतीची बाब मला फार महत्त्वाची वाटते, कारण वाटणी न्यायाची होते ती इथं. गळती पुरवठादाराच्या माथी मारली नाही, तर वायरवाल्याचे जुने ग्राहक ती भरत राहतील.

हिरव्या विजेचंही गणित असंच चालतं. थोडा जादा दर भरून पूर्ण अक्षय ऊर्जेचा पर्याय मुंबईत घेता येतो. तो घेतला म्हणून तुमच्या स्वयंपाकघरात सौर वीज वेगळी येत नाही; तुमच्या वापराइतकी अक्षय वीज तुमच्या नावावर जाळ्यात भरली जाते. ज्यांना परवडतं त्यांनी घ्यावा असं मला वाटतं, फक्त काय घेतो आहोत ते जाणून.

हे मुंबईतच का घडलं

नवीन माणसाला हा इतिहास आवश्यक नाही, पण तो कळला की आजचे नियम विचित्र वाटत नाहीत. टाटांची वीज मुंबईत आली ती गिरण्यांसाठी. लोणावळ्याच्या डोंगरातलं पाणी खाली खोपोलीला सोडून १९१५मध्ये वीज तयार होऊ लागली आणि कोळशाच्या धुरात चालणाऱ्या गिरण्या विजेवर चालू लागल्या. शहरात घरोघरी वीज देण्याचं काम ट्राम चालवणाऱ्या कंपनीकडे होतं. ७ ऑगस्ट १९४७ रोजी ती महापालिकेकडे आली, तीच आजची बेस्ट. उपनगरांसाठी १९२९मध्ये बीएसईएस ही वीज कंपनी निघाली. टाटा घाऊक वीज विकायचे, बेस्ट आणि बीएसईएस ती किरकोळ विकायचे, अशी घडी अनेक दशकं बसली होती. १९९५च्या सुमारास डहाणूचं केंद्र उभं राहिलं आणि बीएसईएसकडे स्वतःची वीज आली. पुढे बीएसईएस रिलायन्सकडे गेली, आणि २०१८मध्ये अदानींकडे.

टाटांचा जुना परवाना किरकोळ ग्राहकांना वीज देण्याची मुभा देतो की नाही, यावर भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २००८मध्ये निकाल टाटांच्या बाजूनं लागला. पण घरोघरी पोचायला त्यांच्याकडे उपनगरांत वायरच पुरेशी नव्हती. १५ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगानं वाट काढली: ग्राहकानं टाटांची वीज घ्यावी, ती तेव्हाच्या रिलायन्सच्या वायरीवरून यावी, आणि वायरीचं भाडं त्या वायरवाल्याला मिळावं. आमच्या इमारतीतली मिश्र मीटरांची रांग त्या आदेशातून आली.

मग दुसरा प्रश्न उभा राहिला. टाटांनी आपली वायरही टाकत जावी का? कायद्याचं चौदावं कलम एकाच भागात दोन परवानाधारकांना मुभा देतं, पण 'स्वतःच्या वितरण यंत्रणेतून' असं म्हणतं. शब्दशः घेतलं तर प्रत्येक गल्लीत दोनदा खोदकाम. अपील न्यायाधिकरणानं आणि आयोगानं नंतर अशी भूमिका घेतली, की जिथं चांगली वायर आहे तिथं दुसरी टाकून खर्च वाढवू नये. मला ही भूमिका मनापासून पटते. त्या दुसऱ्या केबलचे पैसे शेवटी आपल्याच बिलातून जातात, आणि मुंबईच्या रस्त्यांखाली आधीच पाण्याच्या, गॅसच्या, टेलिफोनच्या वाहिन्यांची दाटी आहे. देशभर एकाच वितरण जाळ्यावर अनेक पुरवठादारांना मुभा देणारं दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०२२मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि संसदीय समितीकडे गेलं. जानेवारी २०२३मध्ये राज्यातल्या वीज कर्मचाऱ्यांनी संप केला, तो समांतर परवान्याच्या, म्हणजे महावितरणच्याच हद्दीत दुसऱ्या कंपनीला परवाना देण्याच्या, अर्जाविरुद्ध होता. जास्त पैसे देणारे ग्राहक खासगी कंपनीनं उचलले तर शेतकऱ्याची आणि गरीब घराची स्वस्त वीज कुणाच्या पैशातून द्यायची, ही त्यांची भीती खोटी नाही. तिचं उत्तर पुढच्या पायरीत बिलावर छापलेलं सापडतं.

चौथी पायरी: बिल उघडा आणि दोन रंगांच्या पेनांनी खुणा करा

मी हे खरंच करायला लावतो. एका रंगानं विजेचे पैसे, दुसऱ्यानं वायरीचे.

वीज आकार हा विजेचा. तो टप्प्यांत असतो: पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून महाग, ३०१ ते ५०० आणखी, ५००च्या वर सर्वांत महाग. इंधन समायोजन आकारही विजेचाच. कोळशाचे आणि खरेदीचे दर बदलले की तो वरखाली होतो. वहन आकार हा वायरीचा. स्थिर आकार महिन्याला ठरलेला, वीज वापरा अथवा न वापरा. खाली सरकारचं वीज शुल्क, घरगुती वापरावर १६ टक्के, आणि ते कंपनीच्या खिशात जात नाही.

वायर एकाची आणि वीज दुसऱ्याची अशा जोडणीला इथं 'चेंजओव्हर' म्हणतात. वायरही नव्या कंपनीची झाली तर 'स्विचओव्हर'. अर्ज करताना हे दोन शब्द गोंधळू नका, कारण वहन आकार त्यावर ठरतो. चेंजओव्हर ग्राहक वहन आकार भरतो तो ज्याची वायर आहे त्याच्या दरानं. लोकांची सर्वांत मोठी चूक इथं होते.

उदाहरण घ्या. आकडे पुन्हा समजावण्यापुरतेच. तुमचा महिन्याचा वापर २५० युनिट. सध्याच्या कंपनीची वीज सरासरी ४.५० रुपये आणि वहन आकार २.४०, मिळून ६.९०. महिन्याचे १,७२५ रुपये. दुसऱ्या कंपनीच्या दरपत्रकात वीज ४.३० आणि वहन आकार २.०० दिसतो, मिळून ६.३०. म्हणजे १,५७५, महिना दीडशे रुपये वाचले असं वाटतं. पण तो २.००चा वहन आकार तिच्या स्वतःच्या वायरीचा आहे. तुमची वायर जुनीच राहणार, त्यामुळे २.४०च लागणार. खरी बेरीज ६.७०, म्हणजे १,६७५ रुपये. वाचतात ५०.

याशिवाय ग्राहकाच्या वर्गानुसार क्रॉस सबसिडी अधिभार लागू शकतो. जास्त दर भरणाऱ्या ग्राहकांच्या पैशातून कमी वापराच्या घरांना सवलत मिळते. असा ग्राहक निघून गेला तर सवलतीत पडणारं भगदाड भरायला हा अधिभार आहे. २०११मध्ये आयोगानं चेंजओव्हर ग्राहकांकडून तो घ्यायला परवानगी दिली. अधिभार भरायला कुणालाच आवडत नाही, मलाही नाही, पण त्यामागचा विचार मला योग्य वाटतो. तुलना करताना तो विसरू नका.

दर आयोग ठरवतो, आणि ते साधारण १ एप्रिलपासून बदलतात. म्हणून गेल्या वर्षी शेजाऱ्यानं केलेली बेरीज या वर्षी चालत नाही. आणि एका महिन्याच्या बिलावर निर्णय घेऊ नका. मे महिन्यात एसीमुळे ४५० युनिट जाणारं घर जानेवारीत १५०वर असतं, आणि दोन्ही कंपन्यांचे टप्प्यांचे दर वेगळ्या ठिकाणी स्वस्त-महाग असतात. मागच्या बारा महिन्यांचे युनिट बहुतेक बिलांवरच छापलेले असतात. ते घेऊन प्रत्येक महिना दोन्ही दरांनी मांडा. तासाभराचं काम आहे.

पाचवी पायरी: अर्ज

वर्षाचा फरक बघून बदलायचं ठरलं तर काम अवघड नाही. जुन्या कंपनीची थकबाकी शून्य हवी. ताजं बिल, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा लागतो. भाड्याच्या घरात जोडणी मालकाच्या नावावर असते, तेव्हा त्याची लेखी संमती आधी घ्या. लीव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असेल तर बदलण्याचा खटाटोप करावा का, याचाही विचार करा. नवी कंपनी सुरक्षा ठेव मागते, जुनी ठेव अंतिम बिलानंतर परत मिळते. मधले काही आठवडे दोन्हीकडे पैसे अडकतात, त्याची तयारी ठेवा. मीटर बदलला जातो त्या दिवशी घरी थांबा, आणि जुन्या मीटरवरचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा दोन्हींचे फोटो काढा. दोन कंपन्यांच्या मधल्या काळाबद्दल वाद झालाच, तर हे फोटो कामाला येतात.

दारावर येणाऱ्या माणसाला कागदपत्रं देऊ नका. कंपनीच्या अधिकृत केंद्रावर किंवा संकेतस्थळावरच अर्ज करा. 'आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा' असे संदेश फसवणुकीचे असतात. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांना असा संदेश आला होता. त्यांनी आधी मला विचारलं, म्हणून वाचले.

नवा पुरवठादार बुडाला तर दिवे जातील का, असंही लोक विचारतात. ब्रिटनमध्ये २०२१च्या शेवटच्या महिन्यांत गॅसचे दर भडकले आणि पंचवीसहून जास्त किरकोळ पुरवठादार बंद पडले. तिथं स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी घरांना, तुमचा पुरवठादार बदलला आहे, अशी पत्रं आली. पण त्यामुळे कुणाच्या घरात अंधार झाला नाही. वायर वेगळ्या कंपन्यांच्या होत्या, आणि नियामकानं ग्राहक दुसऱ्या पुरवठादाराकडे सोपवले. इथंही ४३व्या कलमानुसार परवानाधारकानं मागेल त्याला वीज देणं बंधनकारक आहे.

सहावी पायरी: दिवे गेले तर, आणि बिल चुकलं तर

दिवे गेले की आधी जिन्यात डोकावा. फक्त तुमच्याच घरात अंधार असेल तर मुख्य स्विच आणि मीटरच्या जवळचं कटआउट तपासून घ्या, तेही जाणकाराकडून. अख्ख्या इमारतीत अंधार असेल तर बिघाड वायरीचा. चेंजओव्हर ग्राहकानं तक्रार आपल्या पुरवठादाराकडे, म्हणजे बिलावरच्या क्रमांकावर नोंदवावी. खड्डा खणून केबल जोडायला माणसं मात्र वायरवाल्याची येतात. आमच्याकडे आम्ही एक रीत पाडली आहे. वीज गेली की एक जण अदानीचा ग्राहक म्हणून आणि एक जण टाटाचा ग्राहक म्हणून, दोघंही तक्रार नोंदवतात आणि दोन्ही तक्रार क्रमांक सूचना फलकावर लिहितात. लिफ्टचा आणि पाण्याच्या पंपाचा सामाईक मीटर कुणाकडे आहे, हेही त्याच फलकावर लिहून ठेवलं आहे, कारण तो बहुतेकांना माहीत नसतो.

बिलाची तक्रार आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी द्या. तिथं उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मंचाचा निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही, मराठीत अर्ज चालतो. अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहा, की वीज अमुक कंपनीची आणि वायर तमुक कंपनीची आहे, आणि तक्रार दोन्हींपैकी कशाबद्दल आहे. सोबत बारा महिन्यांची बिलं, तक्रार क्रमांक आणि मीटरचे ते फोटो जोडा.